मागची पंगत : आपण किती जेवतो, हे शेजारी कोण बसले आहे यावर ठरते का?

मांजरातीर (लातूर)

गेल्या हिवाळ्यात थकवा फार वाढला म्हणून रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन बरेच खाली आलेले दिसले. गोळ्या लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला : तुम्ही दिवसभरात काय काय खाता आणि किती खाता? सासरे सकाळी किती भाकरी खातात, मिस्टरांना रात्री कोणते कोरड्यास (भाकरीसोबतची भाजी-आमटी) चालत नाही, धाकट्याने कोणत्या वारी डबा अर्धा परत आणला, हे सगळे मला तोंडपाठ होते. माझ्या स्वतःच्या जेवणाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. त्या संध्याकाळी मी मुलाची एक कोरी वही घेतली आणि महिनाभर लिहीत राहिले. वेळ, पदार्थ, किती आणि सोबत कोण, असे चार रकाने आखले होते. चौथा रकाना सहज आखला गेला होता, पण महिन्याच्या शेवटी वही उलगडून पाहिली तेव्हा सर्वांत जास्त तोच बोलला.

मी शिक्षिका आहे. शाळेत दुपारच्या सुट्टीत आम्ही पाच जणी डबे एकत्र उघडतो. एकीच्या डब्यात अंबाडीची भाजी असते, दुसरीकडे उडदाचे घुटे, तिसरीकडे शेंगदाण्याची चटणी आणि दही. माझ्या वहीतले सर्वांत भरपूर आणि सर्वांत विविध जेवण रोज तिथलेच निघाले. रात्रीच्या जेवणापुढे मात्र 'सोबत कोण' या रकान्यात बहुतेक दिवशी 'कोणी नाही' असे लिहिलेले होते. सासरे, मिस्टर आणि मुले आधी बसतात, मी तव्यापाशी असते, त्यांचे झाल्यावर शेवटची भाकरी आणि कढईत जे उरले असेल ते घेऊन मी बसते. सासरच्या नात्यातल्या लग्नात पंगतीला बसले त्या दिवशी मी घरच्याहूनही कमी जेवले, कारण समोर चुलत सासरे आणि दीर बसले होते आणि दुसऱ्यांदा येसर आमटी मागायचा मला संकोच वाटला. रविवारी घरात एकटी असताना तर मी जेवलेच नव्हते. उभ्याने चहा आणि सकाळची अर्धी पोळी, एवढीच नोंद आहे. बाई तीच आणि भूकही जवळपास तीच, पण चौथा रकाना बदलला की तिसरा बदलत होता.

मग या विषयावर काय अभ्यास झाले आहेत ते शोधून वाचले. जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकी संशोधकाने लोकांना आहाराच्या रोजनिश्या लिहायला लावल्या होत्या. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात इतरांसोबत घेतलेले जेवण एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी 44 टक्क्यांनी मोठे निघाले. 1992 मध्ये त्यांनी असेही दाखवले की सोबत एक माणूस असला तर जेवण सुमारे 33 टक्क्यांनी वाढते, दोन असले तर 47 टक्क्यांनी, आणि सात किंवा अधिक माणसे असली तर ते जवळपास दुप्पट होते. याचे कारण असे की सोबतीने माणूस भराभर जेवत नाही, तो अधिक वेळ ताटावर बसतो. गप्पा चालू राहतात आणि हात चालू राहतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये असे 42 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मित्र आणि घरची माणसे सोबत असताना हा परिणाम ठळक दिसला. अनोळखी माणसांसोबत तो तसा दिसला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. 1987 सालच्या एका प्रयोगात महाविद्यालयीन मुलामुलींना ओळख करून घेण्याच्या निमित्ताने समोरासमोर बसवून खाऊ ठेवला होता. समोरचा तरुण आकर्षक वाटला तेव्हा मुलींनी स्पष्टपणे कमी खाल्ले. कॅनडातील एका विद्यापीठाच्या उपाहारगृहात केलेले निरीक्षण 2009 साली प्रसिद्ध झाले. त्यात मुलांसोबत बसलेल्या मुलींच्या ताटात मुलींसोबत बसलेल्यांपेक्षा कमी कॅलरीचे पदार्थ होते, आणि टेबलावर मुलांची संख्या जितकी जास्त तितके हे प्रमाण खाली जात होते. कमी खाणारी बाई अधिक 'बायकी' समजली जाते, हे इतर प्रयोगांतूनही दिसले आहे. लग्नाच्या पंगतीतला माझा संकोच मला तिथे सापडला.

पण या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : बाई इतरांसोबत एकाच वेळी, एकाच टेबलावर बसलेली आहे. आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. घरात जेवणाची सोबत असते ती पुरुषांना आणि मुलांना. बाई त्या जेवणाला हजर असते, परंतु वाढणारी म्हणून. सोबतीने जेवण वाढते हा नियम खरा असेल, तर एकाच स्वयंपाकातून पहिल्या पंगतीचे जेवण सोबतीमुळे वाढत जाते आणि मागच्या ताटासाठी उरणारे कोरड्यास तेवढेच कमी होत जाते. तिच्या वाट्याला सोबत येत नाही आणि सोबतीने वाढलेल्या जेवणाची तूट मात्र येते.

आणि याच्या मुळाशी मला आपली गरम भाकरी दिसते. ज्वारीची भाकरी एका वेळी एकच थापली जाते, एकच भाजली जाते, आणि ती तव्यावरून थेट ताटात पडावी ही आपल्या घराघरांतली अपेक्षा असते. त्यामुळे खाणारे बसलेले असताना करणारीला बसताच येत नाही. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात गेलेल्या प्रत्येकाने याच्या उलटे पाहिले असेल. भज्जी, आंबील, उंडे, खीर, भाकरी सगळे आदल्या रात्रीपासून करून टोपल्यांत बांधून नेलेले असते. कोपीतल्या (शेतातल्या खोपटातल्या) पूजेनंतर गरम करायला किंवा थापायला काही उरत नाही, आणि म्हणून त्या दिवशी बायका पुरुषांबरोबरच, कधीकधी आधीही, बांधावर बसतात आणि पोटभर जेवतात. माझ्या वहीत वेळ अमावस्येचा दिवस आला होता. त्या पानावर किती खाल्ले हे लिहायला रकाना पुरला नाही.

आपापल्या घरी काय घडते, ते कृपया लिहावे. बाई शेवटी जेवते हे आपण सर्व जाणतोच. मला विचारायचे आहे ते हे की, कोणत्या प्रसंगी ती शेवटी जेवत नाही, आणि तेव्हा नेमके काय वेगळे असते.


आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आपल्या हिमोग्लोबिनचा आणि चौथ्या रकान्याचा संबंध आपण जोडलात, तो मला रोज तपासणीत दिसतो. यात एक आकडा फार लोकांना माहीत नसतो, म्हणून लिहिते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2,110 किलोकॅलरी लागतात आणि बाईला 1,660. म्हणजे बाईने थोडे कमी खाल्ले तरी ऊर्जेचे गणित कसेबसे जुळते. लोहाचे मात्र नेमके उलटे आहे. पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी चालू असलेल्या बाईला 29 मिलिग्रॅम. तिला कमी अन्नातून अधिक लोह मिळवायचे आहे, म्हणजे तिच्या ताटातला प्रत्येक घास पुरुषाच्या घासापेक्षा सकस हवा. मागच्या पंगतीत घडते ते असे की भाकरी उरते, डाळ आणि पालेभाजी संपते. पोट भरते, पण ज्याची तिला अधिक गरज आहे नेमके तेच आधीच्या ताटांत गेलेले असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण 21.9 टक्के होते. सगळा दोष पंगतीचा नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. अतिरिक्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, अशी पुष्कळ कारणे असतात आणि ती तपासूनच घ्यावीत. आपल्या नोंदीतला रविवारचा चहा मात्र मला खटकला. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते. भुकेवर चहा हा आपल्या भागातल्या बायकांचा फार जुना उपाय आहे आणि तो दुहेरी नुकसान करतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण 2018 मध्ये दिले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरेच अधिक आहे. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण शेवटच्या ताटात निदान भाकरी तरी नक्की असते. भाजी संपली तरी भाकरीतून तिला काही मिळेल.


बालाघाटचा (बीड)

आमचे आई-वडील ऊसतोडीला जात, त्यामुळे मी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतची जेवणे उसाच्या फडावर पाहिली आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांची मिळून, काम दोघांचे मिळून, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणेही दोघांचे. आई पहाटे तीन-साडेतीनला उठून कोपीत भाकरी थापायची. वडील आणि मी उठून बसलो की गरम भाकरी आणि ठेचा खायचो, आणि तिची भाकरी फडक्यात बांधून फडात जायची. दुपारी सावली बघून सगळे कोयते एकत्र बसत, तेव्हा मात्र ती वडिलांच्या शेजारी बसून, इतर बायकांशी बोलत खायची, कारण तिथे चूल नव्हती आणि सगळ्यांचीच भाकरी सकाळची होती. ताईंनी गरम भाकरीविषयी लिहिलेले वाचले आणि ते दृश्य डोळ्यांपुढे आले. वडिलांइतकाच ऊस तोडणारी माझी आई दिवसातून एकदाच त्यांच्याबरोबर जेवत होती आणि ते जेवण थंड होते.

आता आम्ही गावात स्थिर आहोत, मी नोकरी करतो, घरी गॅस आहे. आई अजून शेवटीच जेवते. बसा म्हटले की म्हणते, "माझा घास तुमच्या संगं उतरत नाही, तुम्ही उठा, मग मी निवांत खाते." याला काय उत्तर द्यावे, ते मला आजवर सापडलेले नाही.


धोंडे_जेवण (जालना)

विषय स्त्रियांच्या ताटाचा आहे, तरी पुरुषांच्या ताटाविषयी लिहिण्याची परवानगी असावी, कारण दोन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत असे मला वाटते. अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, त्या पंगतीत मी गेली अनेक वर्षे बसतो आहे. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि दोन्ही बाजूंनी मेहुणे. नको म्हटले तर "एवढ्यावरच उठायलास का?" हा प्रश्न येतोच, आणि त्या प्रश्नात तुझे वय, तुझी ताकद आणि सासरच्या अन्नाविषयीची तुझी आपुलकी, सगळेच तपासले जात असते. मला मधुमेह आहे. तरीही त्या पंगतीत मी कधी दुसऱ्या धोंड्याला ठामपणे नाही म्हणू शकलो नाही, आणि नंतरचे दोन दिवस त्याची किंमत मोजली आहे.

शेतातल्या मटणाच्या जेवणाला हीच गोष्ट अधिक उघडपणे होते. तिथे फक्त पुरुष असतात, कोण किती भाकरी कुस्करतो हे मोजले जाते, आणि कमी खाणारा दिवसभर ऐकून घेतो. बाईने कमी खाल्ले की ती शालीन आणि पुरुषाने जास्त खाल्ले की तो मर्द, या एकाच समजुतीच्या दोन टोकांना आपण बसलेले आहोत. माझी पत्नी माहेरी, त्याच घरात, त्याच दिवशी, आपल्या बहिणींबरोबर आतल्या खोलीत अर्धा धोंडा खाऊन उठते. माझ्या ताटातला नको असलेला दुसरा धोंडा तिच्या वाट्याचा होता, हे मला आज प्रथमच जाणवले.


सिडको_एन७ (छत्रपती संभाजीनगर)

पिझ्झाच्या उपाहारगृहात बायका सोबत असताना पुरुष जवळजवळ दुप्पट पिझ्झा खातात, असे एका अमेरिकी अभ्यासात निघाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वरच्या प्रतिसादाला ते पूरक ठरेल असे वाटते.


मांजरातीर (लातूर)

सिडकोकर, तो अभ्यास मीही वाचला होता, पण मुद्दामच लिहिला नाही. तो कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांच्या गटाचा आहे. त्याच उपाहारगृहातल्या माहितीवर आधारलेल्या त्यांच्या लेखांतील आकडे आपसांत जुळत नाहीत असे इतर संशोधकांनी दाखवून दिले, पुढे त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि 2018 मध्ये विद्यापीठाने त्यांच्या संशोधनात गैरवर्तन झाल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत मात्र ते आकडे अजून फिरत असतात. जालन्याच्या दादांचे धोंडे जेवण मला त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. दादा, आपण ते इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, यासाठी मनापासून आभार.


खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

'कोणत्या प्रसंगी ती शेवटी जेवत नाही' या प्रश्नाचे आमच्या घरातले उत्तर मला लगेच सुचले : रमजान. एरवी आमच्याकडेही पुरुषांचा दस्तरखान आधी पडतो आणि अम्मी, चाची, आम्ही मुली नंतर आत बसतो. नान-खलिया शिजवलेला असला की चांगल्या बोट्या बाहेर जातात आणि आत रस्सा येतो. परंतु रोजा सगळ्यांचा एकाच क्षणी सुटतो. मगरिबच्या अजानला खजूर हातात घ्यायचाच असतो. तळणीत भजी असली तरी अम्मी आच बंद करून येऊन बसते, कारण तिचाही रोजा आहे आणि तो उशिरा सोडणे बरे मानले जात नाही. त्या महिनाभर घरातली सगळी माणसे एका चादरीभोवती, एका वेळी, समोर मांडलेल्या एकाच फळांच्या थाळीतून खातात. कोणाच्या वाट्याला किती आले, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. इफ्तारच्या आधीचे दोन तास स्वयंपाकघरात तीच राबते, हे खरे आहे आणि ते मला लपवायचे नाही. पण खायची वेळ घड्याळाने ठरवली की 'तुम्ही बसा, मी मागून बसते' या वाक्याला जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या आत्या एकाच मोठ्या थाळीत चार बायकांसह जेवायच्या. एका थाळीत जेवताना कोणी कमी खाल्ले तर शेजारीण लगेच घास पुढे सरकवते. वेगळ्या ताटात ते कोणाच्या लक्षात येत नाही.


वसतिगृहातली (लातूर)

मी परीक्षेच्या तयारीसाठी हिंगोलीहून लातूरला आले आहे आणि खाणावळीचा डबा खाते. ताई, बायकांच्या सोबतीत बाई पोटभर जेवते हे आपल्या शाळेत खरे असेल. आमच्या खोलीत ते तसे नाही. आम्ही चौघी आहोत. त्यांतली एक वजन वाढू नये म्हणून एकच पोळी खाते, दुसरीने तिचे पाहून दीडवर आणले, आणि तिसरी पोळी घेताना मलाच ओशाळल्यासारखे होऊ लागले. सुट्टीत घरी गेले की आजी धपाटे आणि दही समोर ठेवते, तेव्हा कळते की मला भूक केवढी होती. इथे कोणी पुरुष नसतो, कोणी मोठे माणूस नसते, कोणी टोकतही नाही. तरीही ताट लहान होत जाते.


आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

आपण लिहिलेले अगदी बरोबर आहे आणि त्याला आधारही आहे. हर्मन, रॉथ आणि पॉलिव्ही यांनी 2003 मध्ये या विषयावरचे संशोधन एकत्र मांडताना हेच म्हटले होते की, माणूस सोबत्यांकडे पाहून 'किती खाणे योग्य' याची मर्यादा ठरवतो. सोबती भरपूर खात असतील तर ती मर्यादा वर जाते, सोबती हात आखडून खात असतील तर ती खाली येते, आणि कोणी आपल्याला पाहून मत बनवते आहे असे वाटले तर ती आणखी खाली येते. शिक्षिकांच्या पाच डब्यांत देवाणघेवाण आहे. आपल्या खोलीत तुलना आहे. परीक्षेच्या वर्षात आणि आपल्या वयात हे हलके घेऊ नका. पाळी अनियमित झाली असेल किंवा चक्कर येत असेल तर कृपया तपासून घ्या. तोवर आठवड्यातून दोन-तीनदा डबा खोलीत न उघडता, भरपूर जेवणाऱ्या एखाद्या मैत्रिणीसोबत उघडून पाहा.


आसनाकाठ (नांदेड)

नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये बसलेल्या सर्वांना हे ठाऊक असेल. तिथे पंगत हाच शब्द आहे, आणि तिच्यात बाई, पुरुष, श्रीमंत, गरीब असा क्रम नाही. जो आला तो जमिनीवर सगळ्यांबरोबर बसतो. रोट्या लाटायला पुरुषही बसतात आणि सेवा करणारे आळीपाळीने जेवून घेतात. माझ्या सासूबाई साठी ओलांडल्यानंतर पहिल्यांदा तिथे माझ्या सासऱ्यांच्या शेजारी पंगतीला बसल्या, आणि दुसऱ्यांदा डाळ घ्यावी की नाही याविषयी त्यांनी एकदाही सासऱ्यांकडे पाहिले नाही. घरी परत आल्यावर मात्र क्रम पूर्ववत झाला.


दुधनाथडी (परभणी)

मला मूळ लेखातला भाकरीचा मुद्दा पूर्ण पटलेला नाही. आमच्या घरी कित्येक वर्षे पोळ्या सकाळीच करून डब्यात ठेवतात, भात कुकरमध्ये होतो, भाजी एकदाच गरम केली जाते. म्हणजे तव्यापाशी उभे राहण्याचे कारण उरलेले नाही. तरीही पत्नी वाढते आणि नंतर बसते. बस म्हटले तर बसते, पण दर दोन मिनिटांनी पाणी, मीठ, लोणचे यांसाठी उठते आणि तिचे ताट निवत राहते. तव्याने ही रीत घडवली असेल, असे म्हणता येईल. आज ती तव्यामुळे टिकली आहे असे मला दिसत नाही.


मांजरातीर (लातूर)

आपले म्हणणे मला मान्य करावे लागेल. मी वहीत पुन्हा पाहिले. माझ्याकडेही आठवड्यातून दोनदा खिचडी असते, आणि त्या दोन्ही रात्रींच्या पुढे 'कोणी नाही' असेच लिहिलेले आहे. भाकरी हे कारण आहे, पण ते एकटे कारण नाही. वाढणाऱ्या हाताला आपल्याकडे मान आहे, आणि आधी बसणाऱ्या बाईविषयी मनात जो प्रश्न उभा राहतो तो मला स्वतःलाही पडतो, हे मी आधी लिहायला हवे होते.

हा प्रश्न पोषणापुरताही नाही. बिहार, झारखंड आणि महाराष्ट्र या राज्यांतील सर्वेक्षणावर आधारलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात शेवटी जेवणाऱ्या स्त्रियांचे मानसिक आरोग्य इतर स्त्रियांपेक्षा खालावलेले असल्याचे त्यात दिसले, आणि घरची आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यावरही तो फरक राहिला. तो वाचताना मला उभ्याने चहा पिणारा माझा रविवार आठवला. त्या दिवशी घरात अन्न होते आणि भूकही होती. स्वतःपुरते ताट वाढून घ्यावे, असे मात्र वाटले नाही.


चुलीपाशी (धाराशिव)

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे, हे नातीकडून लिहून घेत आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. दुष्काळी कामावर सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची आणि रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरत नसे. तेव्हा बारा माणसांच्या घरात आम्ही तिघी जावा शेवटी बसायचो, आणि दुरडीत तीन भाकरी उरतील की दोन, हे बाहेरच्या पंगतीवर अवलंबून असायचे. दोन उरल्या तर आम्ही त्यांचे तीन भाग करायचो. थोरली जाऊ स्वतःचा भाग मोडून माझ्याकडे सरकवायची, कारण मला दिवस गेले होते आणि हे घरात अजून कोणाला सांगितलेले नव्हते.

तुम्ही सगळे लिहिता की मागून जेवणारी एकटी असते. आम्ही एकट्या नव्हतो. सगळे उठून गेल्यावर तिघी एका परातीत जेवायचो, दिवसभराचे बोलायचो, हसायचोही. सासूबाई ओट्यावर असायच्या आणि त्या वेळी आम्हाला कोणी हाक मारत नसे. आता माझी सून मागून जेवते, तेव्हा तिच्या सोबतीला कोणी नसते, समोर फोन असतो. जावा गेल्या, पण मागची पंगत तशीच राहिली. गेल्या वर्षापासून मी पहिल्या पंगतीला बसणे सोडले आहे आणि तिच्याबरोबर जेवते. माझे दात गेले आहेत, मला वेळ लागतो, त्यामुळे तिलाही बसून राहावे लागते. ती आता दोन भाकरी खाते.


मांजरातीर (लातूर)

आजी, तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी मोडून दिलेला भाग वाचल्यानंतर मला बराच वेळ काही लिहिता आले नाही. डी कॅस्ट्रो यांनी जेवण वाढण्याचे कारण म्हणून ताटावर बसण्याचा वाढलेला वेळ सांगितला होता, आणि तुमच्या सूनबाईंच्या बाबतीत तुम्ही नेमका तोच वेळ वाढवून दिलात.

बीडच्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच सुचते. 'संगं घास उतरत नाही' असे आई म्हणतात, त्याचा अर्थ त्यांना सोबत नको आहे असा असेलच असे नाही. वडिलांसमोर आणि मुलासमोर बसून खाण्याची पन्नास वर्षांत सवयच नसेल, तर ते अवघडच जाणार. त्यांना पहिल्या पंगतीला ओढण्याऐवजी आपण मागच्या पंगतीला जाऊन पाहावे. आणि वाढण्यापूर्वीच त्यांची भाजी वेगळी काढून ठेवावी, म्हणजे उरलेल्यावर त्यांचे जेवण ठरणार नाही.


बालाघाटचा (बीड)

काल रात्री वडिलांचे झाल्यावर मी आईबरोबर बसलो. शेपूची भाजी वाढण्यापूर्वी एका वाटीत काढून झाकून ठेवली होती. आईने झाकण उघडून पाहिले, ही कोणासाठी म्हणून विचारले, आणि तुझ्यासाठी म्हटल्यावर त्यातली अर्धी माझ्या ताटात घातली. उरलेली अर्धी तिने खाल्ली. फडावर आम्ही कोणत्या वर्षी कोणत्या कारखान्याला होतो, हे ती मला सांगत होती आणि मला माहीत नव्हते अशी दोन गावे निघाली. आज मी वाटी जरा मोठी घेणार आहे.